लाल मात्रा

६ जानेवारी, सोमवार

अब्बांनी गावाहून येताना ही वही आणली. म्हणाले, "रोज दोन ओळी लिहीत जा, नाझिया, मन ताळ्यावर राहतं." जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला प्रत्येक आजारावर शुद्धलेखन हेच औषध वाटतं. तरी लिहितेय, कारण आज मन खरंच ताळ्यावर नाही.

पाच वर्षं झाली मला या नोकरीत. नवी मुंबईत दिघ्याजवळ मसाल्याची पाकिटं भरणारी कंपनी, आणि मी तिची एचआर एक्झिक्युटिव्ह. लग्नाकार्यात सांगायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मी वाढदिवसाचे केक मागवते, हजेरीतले घोळ निस्तरते आणि महिला दिनाला गुलाब वाटते. इंटरव्ह्यूत मी म्हणाले होते, मला माणसांसाठी काहीतरी करायचंय. ते आठवलं की कानशिलं तापतात.

आज सेफ्टी बुटांच्या पावतीवर सह्या घेत होते. पॅकिंग हॉलमध्ये बारा कायम कामगार बायका आहेत. त्यांतल्या नऊ जणी अंगठा उठवतात. हॉल झाडणारी मुक्ताबाई तर एकोणीस वर्षं अंगठाच देतेय. शाई पदराला पुसत म्हणाली, "मॅडम, येवढे कागद करता, आमच्या बोटासाठी येक चिंधी तर ठिवा!" बाकीच्या हसल्या, मीही हसले. नंतर डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

धीर करून कुलदीप सरांना विचारलं. ते आमचे एचआर हेड. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास द्या, मी या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते, असं म्हटलं. वाटलं होतं, नेहमीसारखं ‘देखते हैं’ म्हणून वाटेला लावतील. पण त्यांनी चक्क लॅपटॉप मिटला.

"अंगूठे का बहुत झंझट होता है, नाझिया. कल कोई बोले मुझे पढ़के नहीं सुनाया, तो? अपने हाथ का लिखा सबसे पक्का." मग म्हणाले, उद्यापासून सुरू कर, वह्या-पेनं कंपनी देईल.

पाच वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी माझं ऐकलं. घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला दोनदा वळून बघत होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग छान चाललाय. कँटीनच्या कोपऱ्यात दोन टेबलं जोडतो आणि भिंतीला फळा टेकवतो. सगळ्यांत हुशार पुतळा. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहते, चौथीत शाळा सुटलेली. पण अक्षर असं की छापून घ्यावं. सगळ्यांत हट्टी मुक्ताबाई. ‘अ आ इ’ नको म्हणाली. एकोणीस वर्षं ज्या पाटीखाली झाडतेय ती आधी वाचायचीय म्हणाली. ‘स्वच्छता राखा.’ पहिलाच शब्द जोडाक्षरांचा! तीन दिवस घाम गाळून तिनं तो पुरा केला आणि पाटीसमोर जाऊन मोठ्यानं वाचला. मशीनवरच्या पोरी टाळ्या वाजवत होत्या.

आता त्या मला मॅडम म्हणत नाहीत. ‘बाई’ म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

अब्बांची पद्धत लावलीय. प्रत्येकीनं घरी रोज तारीख घालून दोन ओळी लिहायच्या, दिवसभरात जे घडलं ते. दुसऱ्या दिवशी मी लाल पेनानं चुकांना गोल करायचे आणि खाली ‘तपासले’, सही, तारीख. मीसुद्धा रोज लिहिते, असं सांगितलं त्यांना. मुक्ताबाई लगेच, "मंग तुमची वही कोन तपासतंय, बाई?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिन. बाराही जणींनी सगळ्या स्टाफसमोर फळ्यावर आपापलं पूर्ण नाव लिहिलं. मुक्ताबाईचा ‘क्ता’ खाली घसरला, पण लिहिलं. सरांनी भराभर फोटो काढून दिल्लीच्या ऑफिसला पाठवले.

अकाउंट्समधल्या एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "नाझिया, तुमचं मराठी किती शुद्ध हो! नाव सांगितलं नाही तर कळणारही नाही." दरवर्षी या दिवशी कुणीतरी हे म्हणतंच. माझ्या आजोबांचे आजोबा रायगडच्या किनाऱ्यावर मराठीतच भांडत होते, हे मी दरवर्षी सांगत नाही. हसते, आणि पुढच्या वर्षी आणखी शुद्ध बोलते.

सर म्हणाले, अब नाम से आगे बढ़. अर्ज लिहायला शिकव.

११ मार्च, मंगळवार

माझे रोजे चालू आहेत. शिकवताना घसा कोरडा पडतो, पण मजा येते. बायका डबे पलीकडच्या टेबलावर नेऊन खातात. एकीनं विसरून माझ्यासमोर बाटली तोंडाला लावली, तर मुक्ताबाईनं तिला केवढं झापलं. "आगं बाईचा रोजा हाय, लाज न्हाई का तुला?"

सरांनी अर्जांची यादी दिलीय. रजेचा अर्ज, पाळी बदलण्याचा अर्ज, राजीनामा. मी त्यात तक्रार अर्ज घातला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला. "वो अभी रहने दे, पहले आसान वाले." बरोबरच आहे. तक्रार अर्जाची भाषा अवघड असते.

एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस माझ्या वर्गात इतकं लक्ष घालतो, याचं नवल वाटतं.

२० मार्च, गुरुवार

आज राजीनामा शिकवला. पुतळा म्हणाली, "बाई, हे कशाला? आमी कुठं चाललो?" मी म्हटलं, "नोकरी सोडायला नाही गं, नमुना यायला हवा म्हणून." फळ्यावर लिहून दिलं: ‘मी वैयक्तिक कारणामुळे स्वेच्छेने राजीनामा देत आहे.’ सरांनी सांगितलं होतं, वहीत नको, कोऱ्या कागदांवर घे, दिल्लीवाल्यांना प्रगती दाखवायचीय. आणि तारखेची जागा मोकळी ठेव, ऑफिसची तारीख लिहायची पद्धत वेगळी असते. खाली सही मात्र प्रत्येकीची हवी, अंगठ्यावरून सहीपर्यंत आल्या हेच तर दाखवायचं.

मुक्ताबाईनं लिहिलं, ‘स्वच्छेने’. मी म्हटलं, "अहो, हे काय? स्वच्छ नाही, स्वेच्छा. आपल्या मर्जीनं."

"बरुबर हाय की मंग," ती म्हणाली. "स्वच्छ मनानं देते. साफ मनानं."

इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. अब्बांनी दिलेलं लाल पेन काढलं आणि ‘व’च्या डोक्यावर एक ठसठशीत मात्रा दिली. या बायकांनी माझा पाच वर्षांचा शीण घालवलाय, हे आज मनापासून लिहिते.

२१ मार्च, शुक्रवार

सर म्हणाले, लाल निशाणी नको, साफ कॉपी चाहिए. अकरा जणींनी पुन्हा सुरेख उतरवून दिलं, एकही चूक नाही. पुतळाचा कागद तर मी सरांना मुद्दाम वर ठेवून दिला. मुक्ताबाई अडून बसली. हॉलमध्ये हळदीचं पोतं फुटलं होतं. "येका मात्रेसाठी आख्खं पान लिवू? तिथं हळद पसरलीया," म्हणत झाडू घेऊन गेली. तिचा कागद तसाच लाल मात्रेसकट दिला. सरांनी बघितलंही नाही नीट. "चलेगा."

जाताजाता म्हणाले, ‘मॅनेजर’ पदासाठी तुझं नाव वर पाठवतोय. आज इफ्तारचा खजूर जरा जास्तच गोड लागला.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीची सुट्टी होती. मुक्ताबाई सकाळीच सांगायला आली. दिघ्यात नाक्यावर लावलेला मोठा फलक तिनं एका दमात वाचला, शुभेच्छुकांच्या नावांसकट. "लेक म्हनाली, आई, लोकं बगायलीत, हळू वाच. म्या म्हनलं, बगू दी." मी तिला कडकडून मिठी मारली. ऑफिसात असं कुणी करत नाही, पण मारली.

हॉलमध्ये पाकिटं भरणारं नवीन मशीन आलंय. चाचणी चालू आहे. एका बाजूनं मसाला आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं बंद खोके बाहेर येतात. दोन ऑपरेटर पुरतात. मी सरांना विचारलं, मग आपल्या बायका कुठे जाणार? "टेन्शन मत ले, सब सोचा हुआ है." तरी मी त्यांच्या प्रशिक्षणाचा आराखडा करायला घेतलाय. मोजमाप, लेबलांची तपासणी. आता वाचता येतं ना त्यांना.

२ मे, शुक्रवार



सकाळी गेटवर गर्दी दिसली. काल कामगार दिनाची सुट्टी होती, आणि आज बाराही जणींना सिक्युरिटीनं आत सोडलं नाही. प्रत्येकीच्या हातात एक पत्र: तुमचा ३० एप्रिलचा राजीनामा कंपनीनं मंजूर केला आहे. पत्र त्यांनी स्वतः वाचलं. कुणाला वाचून दाखवावं लागलं नाही.

पुतळा माझ्याकडे धावत आली. "बाई, आमी कुठं दिला राजीनामा? बाई, सांगा ना ह्यांना!" मला काही उमगेना. आणि मग उमगलं. बारा कोरे कागद, आणि तारखेची मोकळी जागा.

मी म्हटलं, "मी आत जाऊन बघते." कार्ड टेकवून आत गेले. परत बाहेर आले नाही. मागच्या दारानं घरी आले.

३ मे, शनिवार

सरांना जाब विचारला. म्हणजे विचारायला गेले. आवाज चढवणार होते, पण चढला नाही.

ते शांत होते. "काम से निकालना हो तो नोटिस, कारण, भरपाई, दस चक्कर. राजीनामा दिया तो बात ख़तम." मग म्हणाले, "और किसने लिखवाया? तूने. बोर्ड पर किसकी राइटिंग थी? मैं तो उस कमरे में था भी नहीं. फ्रॉड बोलेगी तो पहला नाम किसका आएगा, सोच ले."

मी म्हटलं, "सर, मला माहीत नव्हतं."

"मुझे पता है," ते जवळजवळ मायेनं म्हणाले. "इसीलिए तो कोई नहीं मानेगा."

टेबलावर माझी नवी पाटी तयार होती. मॅनेजर, मनुष्यबळ विकास. मी ती उचलली. का उचलली, ते लिहिता येत नाही.

१० मे, शनिवार

अब्बांचा फोन आला. "तुझ्या विद्यार्थिनी काय म्हणतात? जोडाक्षरं जमली का?" मी म्हटलं, "जमली. सगळ्यांची सही सुंदर येते." अब्बा खूश झाले. म्हणाले, एका माणसाचा अंगठा सुटला तरी जन्म सार्थकी लागतो, तू तर नऊ सोडवलेस. मी कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

संध्याकाळी नेरूळच्या घरी सोसायटीच्या वॉचमनचा इंटरकॉम आला. दोन बायका आल्यात म्हणाला, मुक्ताबाई आणि पुतळा. मी नाही म्हणून सांगणार होते, तेवढ्यात फोन मुक्ताबाईनंच घेतला.

"मॅडम, वर येत न्हाई आमी. येकच सांगाचं होतं. आमी कामगार ऑफिसात अर्ज दिलाय. ते इचारतात, ह्यो कागद शिकायचा होता याला पुरावा काय. तुमी रोज वहीत लिवता म्हनला होता. त्या दिसाचं असंल की त्यात. आमच्या मोडक्या अक्षराला कोन इचारतंय? तेवढी वही घिऊन या, मॅडम. आमच्या बारा जनींचं काम वाचंल."

पुन्हा मॅडम झाले मी. "बघते," म्हटलं. गेटवरही हेच म्हटलं होतं.

११ जून, बुधवार

उद्या सुनावणी. आज रजा घेऊन ही वही पहिल्यापासून वाचून काढली.

कुणीही वाचली तर विचारेल, ही बाई आंधळी होती की सोंग करत होती? जागोजागी सरांचं कौतुक. ‘इतकं लक्ष घालतो’! तक्रार अर्ज खोडला तेव्हा मीच त्याला कारण शोधून दिलं. हे त्या सरकारी टेबलावर सगळ्यांसमोर वाचलं जाईल. अकाउंट्सच्या त्या बाईंनाही कळेल. आणि मग कोण म्हणेल, नाझियाला माहीत नव्हतं? म्हणतील, हिनंच केलं. असंच म्हणतील.

कंपनीच्या वकिलांनी काल समजावलं. खोटं बोलायचं नाही, फक्त ‘नक्की आठवत नाही’ म्हणायचं. न आठवणं हा गुन्हा नाही. तसं म्हटलं तर खरंच कुठे सगळं आठवतं माणसाला? गेल्या आठवड्यात सरांनी मुक्ताबाईची फाईल मागून घेतली, लाल मात्रेचा मूळ कागद असलेली. मी कशासाठी ते विचारलं नाही. कपाटाची किल्लीही दिली.

वही उद्या पर्समध्ये ठेवते. नेली म्हणजे काढलीच पाहिजे असं नाही.

१२ जून, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते. एवढं तरी.

अधिकारी बाई वयस्कर होत्या, चष्मा साखळीला लावलेला. बाराही जणी भिंतीलगत उभ्या, समोर सर आणि कंपनीचे वकील. कंपनीनं राजीनाम्यांच्या झेरॉक्स दिल्या. झेरॉक्समध्ये लाल रंग नसतो. मुक्ताबाईची मात्रा बाकी अक्षरांसारखीच काळी दिसत होती.

"मूळ कागद?" वकील म्हणाले, दिल्लीला पाठवलेत, सापडत नाहीत.

अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांना शिकवत होतात?"

"हो."

"राजीनामा लिहायला शिकवला होता?"

"अर्ज शिकवले होते. त्यात नेमके कोणते, ते नक्की आठवत नाही."

"ह्या एका पत्रात मात्रा नंतर दिल्यासारखी दिसते. कुणी दिली?"

वही पर्समध्ये होती आणि पर्स मांडीवर होती. माझी बोटं चेनवर होती.

"मला आठवत नाही," मी म्हटलं. वाक्य स्पष्ट आलं, उच्चार स्वच्छ. पुतळा तोंडात पदर धरून रडायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

तेव्हा मुक्ताबाई पुढे आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं दुरेघी वही काढली, हळदीचे डाग पडलेली. पान शोधायला वेळ लागला, कारण ती प्रत्येक तारीख वाचत पुढे जात होती. सगळे थांबले. मग तिनं वही टेबलावर ठेवली आणि अधिकारी बाईंनी मोठ्यानं वाचलं:

‘२० मारच. आज बाईनी राजीनामा शिकिवला. सोडाचा न्हाई फकत लिवाचा. मी स्वच्छेने लिवलं. बाईनी लाल मातरा दिली. बाईचा घसा सुकला व्हता. पानी देनार व्हते मंग रोजा आठवला.’

त्यांनी वही माझ्यासमोर फिरवली. त्या ओळींवर सोळा लाल गोल होते. मारच, फकत, मातरा, पानी, एकही सुटला नव्हता. खाली माझं वळणदार अक्षर: तपासले. सही. २१ मार्च. हे पान माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. त्यातल्या चुका मी सगळ्या बघितल्या होत्या, आणि बाकी काही वाचलं नव्हतं.

"रोज असं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी मुक्ताबाईला विचारलं.

"आमच्या बाईंनी," ती म्हणाली. माझ्याकडे बोट केलं नाही, बघितलंही नाही.

"आणि बाकीच्यांच्या वह्या?"

"सगळ्यांच्या हाईत. रोज तपासायच्या त्या."

पुढच्या तारखेला बाराही वह्या हजर करायच्या आहेत. वकील सरांच्या कानाशी लागले होते. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू ती मात्रा मी त्यांच्याच कपाळावर दिलीय. अधिकारी बाईंनी मला शेवटचं विचारलं, "ही सही तुमचीच ना?"

"माझीच," मी म्हटलं. आज दिवसभरात मी बोललेलं तेवढंच खरं. माझी वही मी काढली नाही. आता तिची गरजही नव्हती, आणि हे लक्षात आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं तर वाचता येईल.

बाहेर आले तर पॅसेजमध्ये बायका पुतळाला घेरून उभ्या होत्या. मला बघून बाजूला सरकल्या. माझ्या घशाला कोरड पडली होती, थुंकीही गिळवत नव्हती. मुक्ताबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या," ती म्हणाली. "आता रोजा न्हाई ना तुमचा, मॅडम."